जेवण झालं म्हणजे ठरलं

अर्धं पोतं काळी माती घेऊन आम्ही दोघं सकाळच्या बसने जालन्याहून पुण्याला निघालो होतो. कंडक्टरने पोत्याला बुटाचं टोक लावून विचारलं, "काय हाय ह्यात?" मी म्हणालो, "माती." त्याने आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे. "का बरं, पुण्यातली सरली का?" सगळी बस हसली. पुण्यात माती होती, पण आमच्या कामाची नव्हती. हे त्याला समजावून सांगायचा उत्साह माझ्यात उरला नव्हता. लगेजचे पैसे दिले आणि गप्प बसलो.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपता संपताची. आता कॉलेजवाले मला अधूनमधून नवउद्योजकांना मार्गदर्शन करायला बोलावतात. शाल, नारळ आणि पंख्याखालची खुर्ची. मुलं विचारतात, गुंतवणूकदारासमोर कसं बोलायचं? मी काहीबाही सांगतो, मुलं लिहून घेतात. जे सांगायला हवं ते तिथे जिभेवर येत नाही, आणि आताशा मला बोलायचाच कंटाळा येतो. म्हणून एकदा लिहून मोकळा होतो.

माझं जालन्यात बी-बियाण्याचं दुकान होतं, अजून आहे. गाव टेंभुर्णी, तिथे शेती, ती मोठा भाऊ बघायचा. माझा भागीदारही टेंभुर्णीचाच, शाळेत माझ्याच वर्गात होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. आयटीआय करून तो जालन्यात एका सरकारी वर्कशॉपात फिटर म्हणून लागला होता, कायम नोकरी. त्याच्या घराण्यात पगारपत्रकावर सही करणारा तो पहिला माणूस. लोखंड त्याचं ऐकायचं. माझं लोखंड तर सोडाच, दुकानातला नोकरही ऐकायचा नाही.

आम्ही दोघांनी मिळून एक टोकणयंत्र केलं होतं. आमच्याकडे कपाशीची सरकी हाताने टोकतात. बाई दोरीच्या खुणेवर वाकते, बोटाने खड्डा करते, बी टाकते, माती लोटते आणि तशीच वाकून पुढच्या खुणेकडे जाते. असं दिवसभर. मी दुकानात बियाणं विकायचो, ते किती महागलंय हे मला रोज दिसायचं, आणि एकेका खड्ड्यात तीन-तीन बिया पडतात हेही दिसायचं. मी म्हणालो, एकाच ठिकाणी एकच बी पडेल असं काही करता येईल का? मिस्त्रीने चार दिवसांत करून दाखवलं. कमरेएवढी नळी, वर बियांचा डबा, खाली चोच. पायाने दाबलं की चोच जमिनीत जायची, उघडायची आणि एक बी सोडून मिटायची. उभ्याने काम. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी त्याला उचलून धरायचा प्रयत्न केला होता. तो माझ्यापेक्षा जड निघाला.

मग शहराबाहेर एक पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं. मिस्त्रीने बिनपगारी रजा टाकली. सहा महिन्यांची, मग अजून सहा महिन्यांची. पैसा माझा, हात त्याचे, असं चाललं होतं. पण दुकानाच्या गल्ल्यातून काढून कारखाना उभा राहत नाही, आणि रजेलाही अंत असतो. ऑफिसातून त्याला पत्र आलं, येत्या सोमवारी हजर व्हा, यापुढे रजा मिळणार नाही. म्हणजे एक तर सोमवारी कामावर जायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. मिस्त्रीची बायको सरळ बोलणारी होती. ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "पुन्यावाला हो म्हनला तर द्या राजीनामा. न्हाई तर सोमवारी मी डबा बांधून देती." यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

पुण्यावाल्याचं असं झालं होतं. जालन्यात एक कृषी प्रदर्शन भरलं होतं, तिथे पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर परीक्षक म्हणून आले होते. आमच्या टेबलापाशी ते बराच वेळ थांबले. यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, बक्षीस दुसऱ्यालाच दिलं, आणि जाताना स्वतःचा पत्ता देऊन म्हणाले, "पुण्याला या. दोन गोष्टी सांगेन. आणि भांडवल घालणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना भेटवेन." बक्षीस मिळालं नाही म्हणून मी आठवडाभर रुसलो होतो. मिस्त्री म्हणाला, "येडा हाईस का? बक्षिसाचे तांबे घरी लई पडलेत." म्हणून त्या सोमवारच्या आधी, बुधवारी, आम्ही निघालो. माती यासाठी, की आमची चोच काळ्या रानासाठी बनवलेली, पुण्याच्या मुरमाड जमिनीत ती गेली नसती तर सगळंच हसं झालं असतं.

दिवसभराचा प्रवास. औरंगाबाद, नगर, शिरूर. बसच्या मागच्या बाकावर हाडं खिळखिळी झाली. बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. मॅनेजरने पोतं खोलीत नेऊ दिलं नाही, म्हणून ते जिन्याखाली ठेवलं.

गुरुवारी सकाळी इंजिनिअर साहेबांकडे गेलो. बैठकीची खोली, टेबलावर ड्रॉइंगची भेंडोळी. मी रात्री पाठ केलेलं भाषण सुरू केलं. बाजारपेठ केवढी, जिल्ह्यात कपाशी किती, वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"टोकणी कोण करतं तुमच्याकडे?"

"बाया करतात, साहेब."

"मग हे यंत्र किती बायकांनी चालवून पाहिलंय?"

मी तोंड उघडलं. प्राथमिक चाचण्या, टप्प्याटप्प्याने, असं काहीतरी शहरी बोलणार होतो. तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "एकीनं बी न्हाई, साहेब."

खरंच एकीनेही नाही. मी चालवलं होतं, मिस्त्रीने चालवलं होतं, माझ्या भावाने, दुकानात येणाऱ्या दहा-बारा शेतकऱ्यांनी चालवून "बराबर हाय, बराबर हाय" म्हटलं होतं. त्यातल्या एकानेही जन्मात कधी सरकी टोकलेली नव्हती. आमच्यात टोकणी हे बायांचं काम आणि यंत्र ही पुरुषांची वस्तू. यंत्र आलं म्हणून आम्ही ते आपसूक पुरुषांच्या हातात दिलं होतं, आणि यात काही चुकतंय हे वर्षभरात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मला एवढी लाज वाटली की मी समोरच्या कपातला गार चहा पिऊन टाकला.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नळीची उंची मोजली, स्प्रिंग दाबून पाहिली. "हिला दिवसभर दाबायला तुमच्यासारख्याचा पाय लागेल. पंचेचाळीस किलोची बाई दुपारपर्यंत हे फेकून देईल आणि पुन्हा वाकून कामाला लागेल. तेच तिला सोपं." मग त्यांनी त्यांच्या एका ओळखीच्या वर्कशॉपात आम्हाला पाठवलं. तिथे मिस्त्रीने दुपारभर बसून स्प्रिंग बदलली, मूठ खाली घेतली, चोचीची धार घासली. तिथले कारागीर आधी त्याच्या बोलण्याला हसत होते, मग एकेक करून त्याच्याभोवती उभे राहिले. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी कोपऱ्यात डब्यावर बसून पेंगत होतो.

संध्याकाळी साहेबांनी दुसऱ्या दिवसाची तयारी करून घेतली. ते बोलत होते आणि मी वहीत लिहीत होतो. खोटं बोलू नका, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. पहिल्या पाच मिनिटांत यंत्र हातात द्या. आणि शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी नीट अक्षरात लिहून तिच्याखाली रेघ मारली: भांडवलवाला काय बोलतो ते ऐकू नका, काय लिहून देतो ते बघा. ती वही माझ्याकडे बरेच दिवस होती. लिहून घेणं आणि डोक्यात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी कॉलेजातल्या मुलांकडे बघून दर वेळी स्वतःला सांगतो.

शुक्रवारी भांडवलवाल्यांच्या बंगल्यावर गेलो. गृहस्थ साठीचे, पांढरा झब्बा, आवाज हळू. त्यांच्या पोर्चमध्ये माळ्याने घमेलं आणून दिलं आणि मी आमचं पोतं त्यात ओतलं. संगमरवरी पायरीवर टेंभुर्णीची माती सांडली, तेव्हा मला एकाएकी रडू येईल असं वाटलं. कारण काही नव्हतं. तीन दिवस नीट झोप नव्हती, हेच कारण. मिस्त्रीने यंत्र चालवून दाखवलं. एक बी, एक बी, एक बी. गृहस्थ खाली वाकून बघत होते. मग आतून त्यांच्या पत्नी आल्या आणि म्हणाल्या, "मी बघू का?" त्यांनी पदर खोचला, पाय ठेवला आणि दाबलं. बी पडलं. आमचं यंत्र चालवणारी पहिली बाई ही अशी, जिने कपाशीचं रान बहुधा आगगाडीतूनच पाहिलं असेल. "अजून जरा जड आहे," त्या म्हणाल्या. मिस्त्रीने मान हलवली. "हलकं करतो, वैनी."

मग आत बसून तासभर बोलणं झालं. मी खोटं बोललो नाही, माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणालो. गृहस्थ म्हणाले, "कल्पना चांगली आहे. कागद पाठवा. मी विचार करून कळवतो." मी उठायच्या तयारीत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "आता जेवल्याशिवाय जायचं नाही."

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर मला काय झालं ते कळायचं नाही. आमच्यात मुलगी बघायला पाहुणे आले की चहा होतो, पोहे होतात, पण जेवण होत नाही. जेवण म्हणजे होकार. मुलीच्या बापाने "आता जेवूनच जा" म्हटलं आणि पाहुणे पाटावर बसले, की सोयरीक ठरली. मनात नसेल तर पाहुणे घाई आहे म्हणून उठतात, आणि तेच उत्तर समजलं जातं. मोसंबीच्या बागेचा सौदाही तसाच. व्यापारी बाग बघायला येतो, पाणी पितो, सुपारी खातो, पण भाव ठरेपर्यंत बागवाल्याच्या घरचा घास घेत नाही. घास घेतला की मग भावात फरक करायचा नाही. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो. असे सौदे मोडल्याचं ऐकलं नव्हतं.

त्यामुळे ताटावर बसलो तेव्हा माझ्या दृष्टीने काम झालेलं होतं. पोळ्या, अळूची भाजी, वरण-भात, आणि गृहस्थ स्वतः उठून भातावर तूप वाढत होते. त्यांनी मिस्त्रीला आग्रह करून दुसरी पोळी वाढली.  मी मनातल्या मनात शेड वाढवलं, दोन वेल्डर ठेवले, दुकान भावाच्या मुलाला देऊन टाकलं. वही खिशात होती आणि तिच्यातली रेघ मारलेली ओळही तिच्यातच होती.

शनिवारी बसमध्ये मी मिस्त्रीला म्हणालो, "झालं गड्या."

"काय झालं?"

"अरे जेवू घातलं ना त्यानं. हातानं तूप वाढलं. अजून काय पायजे?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "पर त्यो हो कुठं म्हनला?"

"मोठी माणसं अशी फटकन हो म्हनत न्हाईत. पक्कं हाय. बिलकुल पक्कं."

 नगरला उतरून त्याने दोन वडे आणले, एक मला दिला. मला वाटलं, त्याला पटलं.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. राजीनामा माझ्या हाताने लिहिला, कारण माझं अक्षर बरं होतं आणि सरकारी भाषा मला येत होती. 'कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छेने' असं लिहिलं. मिस्त्रीने वाचून सही केली. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. तिने मलाच विचारलं, नवऱ्याला नाही. "दादा, पक्कं हाय ना? माज्या लेकरायचं हाय, म्हनून इचारती."

मी म्हणालो, "वैनी, पक्कं हाय. मी हाय ना."

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं. बोलायला फार बरं वाटलं होतं.

सोमवारी त्याने राजीनामा दिला. पुढे तीन आठवडे आम्ही चांगलं काम केलं. मिस्त्रीने हलकं यंत्र तयार केलं, आणि मी माझ्या बायकोला, तिच्या मैत्रिणींना, शेडमागच्या वस्तीतल्या बायांना बोलावून आणलं. वस्तीतल्या एका म्हातारीने ते चालवून पाहिलं, शांतपणे खाली ठेवलं आणि म्हणाली, "चांगलं हाय. पर आमाला इकत कोन घेऊन दिल?"  वाकणारी ती होती आणि विकत घेणारा दुसराच, आणि त्या दुसऱ्याची कंबर कधी दुखत नव्हती.  मला वाटतं, पुण्याला गेल्यापासून आम्ही जे जे शिकलो त्यात हेच सगळ्यात खरं होतं, आणि ते आम्हाला शिकवलं शेडमागच्या बाईने.

मग पत्र आलं. जाड कागद, इंग्रजीत टाइप केलेलं, फार सभ्य. आमच्या कल्पनेचं कौतुक केलं होतं, भेटीचा आनंद व्यक्त केला होता, आणि सध्या त्यांचा सगळा कल कॉम्प्युटरच्या उद्योगांकडे असल्यामुळे भांडवल घालणं शक्य नसल्याचं कळवलं होतं. खाली शाईच्या पेनाने, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिलं होतं: पुण्यास आल्यास अवश्य जेवायला यावे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्या माणसाने फसवलं नव्हतं. त्याच्या घरी दुपारी एक वाजता आलेल्या कुणालाही जेवण मिळत असावं.

पत्र दुकानात आलं तेव्हा भाऊ गावाहून आलेला होता. त्याने मजकूर विचारला, मी सांगितला. तो म्हणाला, "बस झालं आता. गल्ला रिकामा केलास. ते शेड बंद कर अन् दुकान बघ." खरं सांगतो, मला आतून हायसं वाटलं. एवढा थकलो होतो की कुणीतरी बस म्हणावं याचीच वाट बघत होतो. मला परत यायला दुकान होतं, दुकान बुडालं तर शेत होतं. त्याच दुपारी मी शेडवर गेलो. जाताना मनात वाक्य तयार होतं: गड्या, आपल्याला थांबावं लागंल.

मिस्त्री चोच घासत होता. मी पत्र वाचून दाखवलं, मराठीत करून. त्याने कानस बाजूला ठेवली.

"मला वाटलंच व्हतं," तो म्हणाला.

"काय वाटलं व्हतं?"

"त्यो काय द्यायचा न्हाई म्हनून."

मला राग आला. चुकीचा राग, पण आला. "अरे मंग बसमधी बोलला का न्हाई? जेवू घातलं ना त्यानं? आपल्याकडं जेवन झालं म्हंजी..."

"आपल्याकडं न्हाई," तो म्हणाला. "तुमच्याकडं." मग अगदी साध्या आवाजात, हिशेब विचारावा तसं म्हणाला, "माझा बाप तुमच्या घरचं अठरा साल जेवला. दोन टाइम. झाली का सोयरीक?"

त्याचा बाप आमच्याकडे सालगडी होता. हे मी वर कुठेतरी सांगायला हवं होतं. वर्गात बरोबर होतो म्हणालो, एका गावचे म्हणालो, हे मात्र लिहिलं नाही. मुद्दाम टाळलं की खरोखरच सुचलं नाही, मला आज सांगता येत नाही, आणि दोन्हींत फारसा फरक आहे असंही वाटत नाही. आमच्या गोठ्याच्या ओट्यावर बसून तो माणूस जेवायचा. त्याची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, थाळी वेगळी, ती गोठ्यातच राहायची. आई त्याला वरून भाकरी वाढायची. 'मी त्याला काही कमी पडू दिलं नाही,' असं ती शेवटपर्यंत अभिमानाने सांगायची, आणि ते खरं होतं. मिस्त्रीच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेऊन पुष्कळ वर्षं झाली होती. थाळी तिथेच होती.

 मी पत्राची घडी घातली आणि विचारलं, "मंग राजीनामा का दिला? तुला म्हाईत व्हतं तर?"

"त्याच्या जेवनावर दिला व्हय मी?" त्याने कानस पुन्हा उचलली. "तू म्हनला, मी हाय ना. मला वाटलं, त्यो फिरला तरी ह्यो फिरायचा न्हाई."

आणि मी तर फिरायलाच आलो होतो. वाक्य अजून तोंडात होतं. ते मी गिळलं आणि म्हणालो, "बघू काहीतरी." तो कामाला लागला. त्याला ते होकारासारखं वाटलं असणार.

शेड दिवाळीपर्यंत कसंबसं चाललं. थोडी यंत्रं विकली गेली, ती बहुतेक ओळखीवर. दिवाळीनंतर मी ते बंद केलं. हे सांगायला मी एकटा गेलो नाही, भावाला बरोबर घेऊन गेलो. वर्षभर ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलो त्याच्यासमोर एकट्याने उभं राहायची माझी छाती झाली नाही. मिस्त्री शेडच्या दारात बसला होता. भावाला बघून तो उठला, हात पँटला पुसले आणि खाली बघत उभा राहिला. त्याचा बाप आमच्या अंगणात असाच उभा राहायचा. बोलला भाऊच. मी शेजारी उभा होतो. भावाचं झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "जी." एवढंच.

त्यानंतर त्याने औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगची कामं धरली. रोजावर. त्याच्याबरोबर लागलेले फिटर पुढे निवृत्त झाले, त्यांना पेन्शन सुरू झाली. तो अजून काम करतो. डोळे गेलेत थोडे. रस्त्यात भेटला की तोच आधी हाक मारतो, चहा पाजतो, पैसे देऊ देत नाही. माझी तब्येत विचारतो, दुकान कसं चाललंय विचारतो. रागाचं कुठे नाव नाही. फक्त त्या दिवाळीपासून तो मला तुम्ही म्हणतो.

मागे एकदा मला राहवलं नाही. मी त्याचा हात धरून म्हणालो, "अरे गड्या, आपुन एका बाकावरचे. तू म्हन की मला."

तो हसला. कपातला चहा संपवला, कप नीट टेबलावर ठेवला.

"न्हाई जमत आता," म्हणाला. "तुम्ही बसा. मला जरा जल्दी हाय."